२०१३ चा आयमॅक, बिग सर ते सिकोया : आतापर्यंतच्या नोंदी

थोरल्या बंधूंनी छायाचित्रांच्या कामासाठी घेतलेला २७ इंची आयमॅक त्यांनी व्यवसाय आवरल्यावर माझ्याकडे आला, तेव्हा त्यावर मॅकओएस या ॲपलच्या संगणक-प्रणालीची कॅटालिना ही आवृत्ती होती आणि ॲपलच्या यादीप्रमाणे त्याची मजल तिथेच संपत होती. सुरक्षेची अद्यतने २०२२ मध्येच थांबली होती, क्रोमने १२८ व्या आवृत्तीनंतर कॅटालिनाची साथ सोडली होती आणि बँकेच्या संकेतस्थळावर ‘ब्राउझर अद्ययावत करा’ ही सूचना वारंवार येऊ लागली होती. यंत्र मात्र उत्तम अवस्थेत होते. पडद्यावर एकही डाग नव्हता, पंख्याचा आवाज नव्हता, आणि २५६० × १४४० चा तो पडदा आजही डोळ्यांना सुखावतो. असे यंत्र केवळ एका यादीत नाव नाही म्हणून भंगारात काढावे, हे मला पटले नाही. म्हणून ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ हे, ॲपलने यादीतून वगळलेल्या मॅकवर नव्या प्रणाली चालवू देणारे साधन वापरून कॅटालिनानंतरच्या आवृत्त्या (क्रमाने बिग सर, माँटेरे, व्हेंचुरा, सोनोमा, सिकोया) चढवण्याचे काम हाती घेतले. त्या कामाच्या या नोंदी आहेत, आणि अशाच यंत्रावर काम करणाऱ्यांना त्यांतून काही हाती लागावे एवढीच इच्छा आहे.

प्रथम यंत्राची नेमकी ओळख सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मागच्या पायावर छापलेला ए१४१९ हा क्रमांक फसवा आहे. २०१२ च्या अखेरीस आलेल्या २७ इंची आयमॅकपासून पुढची कित्येक वर्षे तोच क्रमांक वापरला गेला. खरी ओळख ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये मिळते, आणि माझ्या बाबतीत ती ‘आयमॅक१४,२’ अशी आहे. प्रोसेसर चार कोअरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा इंटेल आय५-४५७०, म्हणजे हॅसवेल पिढीचा आहे. ग्राफिक्ससाठी १ जीबीचे एनव्हिडिया जीफोर्स जीटी ७५५एम आहे, जे केप्लर पिढीत मोडते. २०१२ चा आयमॅक बाहेरून हुबेहूब असाच दिसतो, पण त्याचा आयव्ही ब्रिज प्रोसेसर एव्हीएक्स२ हा सूचनासंच जाणत नाही, आणि व्हेंचुरापासून ॲपलने तो गृहीत धरल्यामुळे तिथे आणखी एक तडजोड करावी लागते. हॅसवेलमध्ये एव्हीएक्स२ असल्याने माझी त्यातून सुटका झाली. एकाच सांगाड्यातल्या दोन यंत्रांत एवढा फरक पडतो, म्हणून कोणाचीही कृती जशीच्या तशी उचलण्याआधी आपला मॉडेल क्रमांक पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मेमरी वाढवणे हे सर्वांत सोपे काम ठरले. वीजजोडणीची वायर काढली की तिच्या खोबणीच्या वर एक छोटे बटण दिसते. ते आत दाबले की मेमरीचे झाकण निघते. मूळच्या ८ जीबीत आठाच्या दोन पट्ट्या घालून २४ जीबी केली. मूळच्या फिरत्या हार्ड डिस्कला मात्र हात लावला नाही, कारण या मॉडेलचा पडदा चिकटपट्टीने बसवलेला असतो आणि तो उघडण्याची तयारी अजून झालेली नव्हती. त्याऐवजी यूएसबी ३ च्या पेटीत घातलेली ५०० जीबीची एसएसडी मागे जोडली आणि सर्व प्रयोग तिच्यावरच करायचे ठरवले. त्यामुळे आतल्या डिस्कवरची कॅटालिना शाबूत राहिली, आणि या एका निर्णयाने पुढे मला दोनदा वाचवले.

सुरुवात मुद्दाम बिग सरपासून केली. थेट नवी आवृत्ती का घेतली नाही, असे एका मित्राने विचारले होते. त्याचे कारण असे की, बिग सरच्या वेळी ॲपल २०१३ चा १५ इंची मॅकबुक प्रो अधिकृतपणे सांभाळत होते, आणि त्यात माझ्या ग्राफिक्स चिपचेच भावंड, जीटी ७५०एम, होते. म्हणजे केप्लरचे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या फाइली, बिग सरमध्ये मुळातच असणार, वायफायचेही असणार, आणि माझ्या आयमॅकला लागणारी एकही वस्तू प्रणालीत कमी नसणार, असा माझा तर्क होता. तो पुरता खरा ठरला. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर पॅचरकडून इन्स्टॉलर तयार करून घेतला, त्याच पेनड्राइव्हच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या छोट्या भागात, ओपनकोअर बसवले, यंत्र सुरू करताना ऑप्शन कळ दाबून धरली, आणि पडद्यावर आलेल्या चिन्हांपैकी ‘ईएफआय बूट’ निवडले. तासाभरात बिग सर उभी राहिली. ग्राफिक्स, वायफाय, ब्लूटूथ, ध्वनी, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमीजास्त करणे, सगळे काही एकही फाइल न बदलता चालले. ओपनकोअर इथे फर्मवेअर (यंत्र सुरू करणारा, बोर्डवरच असलेला प्रोग्राम) आणि प्रणाली यांच्या मध्ये उभे राहून मॉडेल तपासण्याचा अडसर तेवढा बाजूला करते आणि मग वाट मोकळी करून देते. डिस्कवरच्या प्रणालीला ते स्पर्शही करत नाही. यंत्रात क्षमता नव्हती म्हणून दार बंद झाले नव्हते, एवढे त्या रात्री मला स्वच्छ दिसले.

खरी मेख माँटेरेपासून सुरू होते. ॲपलने २०२१ मध्ये माँटेरेतून केप्लरचे ड्रायव्हरच काढून टाकले. ते नसताना प्रणाली सुरू होते, पण तिचे स्वरूप पाहवत नाही. खिडकी ओढली की ती मागे रेघा सोडत तुटक तुटक सरकते, खालच्या डॉकची पारदर्शकता जाऊन तिथे करड्या रंगाचा ठोकळा दिसतो, उजेडाची पट्टी नाहीशी होते, आणि ‘या मॅकविषयी’ उघडले की ग्राफिक्सच्या जागी ‘डिस्प्ले ७ एमबी’ एवढेच लिहिलेले असते. यावरचा उपाय म्हणजे जुन्या आवृत्तीतले ड्रायव्हर नव्या प्रणालीत परत बसवणे, ज्याला पॅचर ‘रूट पॅच’ म्हणतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिच्यात आहे. बिग सरपासून ॲपल प्रणालीचा संपूर्ण भाग मोहोरबंद करते. प्रत्येक फाइलची गणिती खूण काढली जाते, त्या खुणांवरून वरच्या पातळीच्या खुणा, आणि असे करत करत शेवटी एकच खूण उरते, जिच्यावर ॲपलची सही असते. आत एक अक्षर जरी बदलले तरी ती शेवटची खूण जुळत नाही, आणि मूळ नियमाप्रमाणे प्रणाली सुरू होण्यास नकार देते. रूट पॅच लावणे म्हणजे ही मोहोर स्वतःच्या हाताने फोडणे होय, आणि त्यासाठी सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन हे प्रणालीच्या फाइलींना बदलापासून जपणारे संरक्षणही काही अंशी सैल करावे लागते. ही किंमत खरी आहे आणि ती जाणूनबुजून मोजली पाहिजे. ज्यांना मोहोर अभंग ठेवायची आहे आणि ज्यांचे यंत्र माझ्यासारखे आहे, त्यांना बिग सरपर्यंतच थांबता येते. पण बिग सरचेही दिवस आता सरले आहेत, म्हणून मी पुढे गेलो. मोहोर फुटल्याचा दुसरा परिणाम असा की, फक्त बदललेल्या भागाचे छोटे अद्यतन अशा प्रणालीवर बसत नाही. प्रत्येक वेळी बारा-तेरा जीबीचा संपूर्ण इन्स्टॉलर उतरवावा लागतो. आणि तिसरा परिणाम म्हणजे त्या अद्यतनाबरोबर मोहोरबंद भाग नव्याने लिहिला जातो, त्यामुळे आपण बसवलेले ड्रायव्हर पुसले जातात व पॅच पुन्हा लावावे लागतात.

माँटेरेवर पॅच लावून यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा डॉक पूर्वीसारखा काचेचा झाला. त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो. तीन आठवडे माँटेरे विनातक्रार चालली.

सोनोमाच्या वेळी दोन नव्या गोष्टी आल्या. २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीतून ॲपलने जुन्या ब्रॉडकॉम वायफाय चिपांचा आधार काढला, त्यामुळे पॅच लावेपर्यंत वायफाय मिळत नाही. त्याच वेळी केप्लरचे पॅच लावण्यासाठी ‘कर्नल डीबग किट’ नावाचा ॲपलचाच एक संच इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि तो प्रणालीच्या नेमक्या बिल्डशी, म्हणजे उपआवृत्तीशी, जुळणारा असावा लागतो. म्हणजे वायफाय हवे तर पॅच हवा, आणि पॅच हवा तर इंटरनेट हवे. उपाय साधा आहे : लॅनची केबल. या आयमॅकच्या मागे गिगाबिट इथरनेटचे तोंड आहे आणि त्याला कोणताही पॅच लागत नाही. माझा राउटर दिवाणखान्यात असल्याने दहा मीटरची केबल आणून दाराखालून ओढून घेतली, आणि ती आता कायमची तिथेच गुंडाळून ठेवली आहे.

सोनोमाची स्थापना मात्र सुरळीत झाली नाही. ‘२९ मिनिटे शिल्लक’ असे दिसत असताना वीज गेली. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात हे ठाऊक असूनही मी गुरुवारीच बसलो होतो, आणि त्या खोलीतला हा सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हता. वीज आल्यावर पेनड्राइव्हवरून पुन्हा आरंभ केला, तर इन्स्टॉलर खराब झाला असून तो वापरता येणार नाही, असा संदेश आला. पेनड्राइव्ह पुसून पुन्हा तयार केला, तरी संदेश तोच. दोन तास त्यात गेल्यावर सहज टर्मिनल उघडून तारीख पाहिली, तर घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. आतल्या बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असणार, आणि कॅटालिनात इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळत असल्याने तो संपल्याचे कधी लक्षातच आले नव्हते. इन्स्टॉलरवरच्या सहीची मुदत त्या जुन्या तारखेला सुरूच झालेली नसल्यामुळे ती खोटी ठरत होती. टर्मिनलमधून तारीख-वेळ हाताने घातली आणि तोच पेनड्राइव्ह निमूटपणे पुढे चालला. हा संदेश कोणाला दिसला तर पेनड्राइव्ह पुसण्याआधी तारीख पाहावी.

दुसरी चूक आठवडाभराने उघडकीस आली. स्थापना पूर्ण झाल्यावर ओपनकोअर पेनड्राइव्हवरून एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये नेऊन बसवायचे असते. मी ते नंतर करू म्हणून ठेवले आणि विसरलो. पेनड्राइव्ह काढून नेल्यावर यंत्र सुरू केले, तर काळ्या पडद्यावर तिरकी रेघ मारलेले वर्तुळ उभे राहिले. ओपनकोअर मध्ये नसेल तर यंत्राला ही प्रणाली आपली वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि घाबरण्याचे कारण नाही. आतल्या डिस्कवरची कॅटालिना सुरू केली, तिथून ओपनकोअर एसएसडीवर बसवले, आणि सुरुवातीच्या पडद्यावर ‘ईएफआय बूट’ निवडताना कंट्रोल कळ दाबून धरली, म्हणजे तीच निवड कायम होते.

तिसरा प्रसंग अद्यतनाचा आहे. अद्यतने मिळावीत म्हणून ओपनकोअर या यंत्राला ॲपलपुढे आभासी यंत्र म्हणून उभे करते, आणि त्यामुळे ती अधिकृत यंत्रासारखीच सेटिंग्जमध्ये दिसतात. स्वयंचलित अद्यतन मी चालू ठेवले होते. एका रात्रीत ते परस्पर बसले, आणि सकाळी मुलीला ऑनलाइन तासिकेला बसायचे असताना वायफाय नाही, ग्राफिक्स नाही, अशी अवस्था झाली. पॅचरने लॉगिन होताच ‘पॅच आढळत नाहीत’ अशी खिडकी स्वतःहून दाखवली, केबल जोडली, नवा संच उतरला, आणि अर्ध्या तासात सर्व पूर्ववत झाले. पण तो अर्धा तास टाळता आला असता. आता स्वयंचलित अद्यतन पूर्णपणे बंद आहे, आणि पॅचरची त्या अद्यतनाला साजेशी आवृत्ती आल्याचे पाहून, टाइम मशीनचा बॅकअप घेऊन, मगच रविवारी सकाळी ते करतो.

सिकोया एसएसडीवरच्या वेगळ्या एपीएफएस व्हॉल्यूमवर, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात, चढवून पाहिली आहे. केप्लरसाठी तिथे आणखी एक संच लागतो, कारण नव्या प्रणालीतली मेटलची (ॲपलच्या ग्राफिक्स-यंत्रणेची) संकलित ग्रंथालये, म्हणजे तयार प्रोग्रामसंच, या जुन्या चिपला समजत नाहीत. पॅचर तो स्वतःच उतरवतो. लेखन, ईमेल, देवनागरी टंकलेखन, व्हिडिओ पाहणे आणि बंधूंच्या जुन्या छायाचित्रांची छाननी ही कामे सोनोमा आणि सिकोया या दोन्हींवर नीट होतात. मेटल ३ ची अपेक्षा धरणारी कामे केप्लरवर होणार नाहीत, हे मान्य करूनच चालावे लागते. आयफोनचा पडदा मॅकवर आणण्याची सिकोयातली सोय ॲपल सिलिकॉन (ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर) किंवा टी२ ही ॲपलची सुरक्षा-चिप असलेल्या यंत्रांपुरतीच असल्याने तीही इथे मिळत नाही. मला दोन्हींत सोनोमा अधिक स्थिर वाटली, म्हणून रोजचे काम तिच्यावर ठेवले आहे.

पुढचे काम पडदा उघडण्याचे आहे. आतल्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची आहे, आणि त्याच वेळी तो संपलेला सेलही बदलायचा आहे. सेल लॉजिक बोर्डाच्या, म्हणजे मुख्य बोर्डाच्या, मागच्या बाजूला असल्याने बोर्ड बाहेर काढावा लागेल. चिकटपट्ट्यांचा संच आणि पट्टी कापण्याचे चाक मागवले आहे. ते हाती आले की गुरुवार सोडून एखादा दिवस धरीन.