चौकीला कुलूप का असतं?

मी मुंबई पोलिसात होतो हे कळलं की दोन मिनिटांत एकच प्रश्न येतो. लिफ्टमध्ये येतो, भाजीच्या गाडीपाशी येतो, लग्नाच्या पंगतीत हातात ताट असताना येतो. "काय हो, आमच्या नाक्यावरच्या चौकीला कायम कुलूप का?" कुणी हसत विचारतं. ज्यांचं मंगळसूत्र खेचून नेलेलं असतं ते हसत नाहीत.

२०२१ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून मी "माणसं कमी आहेत हो" म्हणतो आणि मुलांच्या शिक्षणाची चौकशी करतो. उत्तर खोटं नाही. तरी ते देताना मी समोरच्याकडे बघत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

माझ्या चौकीत कागदावर सात माणसं होती. आता एखादी साधी सकाळ घ्या. एक जण कोर्टात. दोघे सरकारी रुग्णालयात, खाटेला खिळलेल्या आरोपीच्या पहाऱ्यावर. एक समन्स बजावायला थेट नालासोपाऱ्याला. एक पासपोर्टच्या पडताळणीला. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. उरला तो मी. गल्लीत नळावरून भांडण लागलं की मी निघालो, आणि निघताना कुलूप घातलं. आत वायरलेस होता, नोंदवह्या होत्या, उघडं कसं टाकणार? म्हणजे पोलीस फिरतोय म्हणून कुलूप. आत बसून राहिलो असतो तर तुम्हीच म्हणाला असता, नुसते पंख्याखाली बसतात.

हे झालं हिशेबाचं. आता यातही एक गाठ आहे, ती मलाच सुटलेली नाही.

मे २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना तिथल्याच एका शिपायाची. जानेवारी २०१७ पासून ती मुंबईभर आली. त्याआधी आम्ही बारा तास म्हणून जायचो आणि परतायचं ते कुणाच्याच हातात नसायचं. मी तेव्हा या प्रयोगाचा मोठा भक्त. धाकटी मुलगी झोपायच्या आत घरी पोचलो त्या दिवशी तिने विचारलं होतं, "पप्पा, बरं नाही का?" मग माझ्या उत्साहाला काही मर्यादा राहिली नाही. पण बारा तासांच्या दोन पाळ्या होतात आणि आठ तासांच्या तीन. माणसं तेवढीच. तिसरी पाळी कुठून आणायची? आमच्या ठाण्यात ती चौकीतून आली. गुन्ह्याचा तपास थांबवता येत नाही, लॉकअप मोकळं सोडता येत नाही. गस्त आणि गाठीभेटी मात्र गुपचूप कापता येतात, कारण न झालेल्या भेटीची तक्रार करायला कुणी येत नाही.

मग आठ तास चूक होते का? नाही. बारा तास उभा राहिलेला माणूस तुमच्याशी कसा बोलतो ते तुम्ही अनुभवलं आहे, आणि माझी बायको तुमच्यापेक्षा जास्त. तरी कुलूप बघितलं की २०१७ मधल्या त्या खूश माणसाला विचारावंसं वाटतं, बाबा रे, तुझे ते चार तास कुणाच्या खात्यातून आले?

भरती करा म्हणता. मुलं यायला तयार नाहीत असं नाहीच. २०२४ च्या राज्याच्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागांना सतरा लाखांवर अर्ज होते. पण भरती निघणार, मैदानी होणार, लेखी होणार, मग प्रशिक्षण. तोवर इकडची एक तुकडी निवृत्त. २०२३ मध्ये मुंबईसाठी राज्य सुरक्षा महामंडळाची तीन हजार माणसं कंत्राटावर घ्यायला सरकारने मंजुरी दिली, तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "आता बीटसुद्धा भाड्याने." मी हसलो, पण बीटचा, म्हणजे चौकीच्या ठरलेल्या हद्दीत फिरणारा, माणूस भाड्याने मिळत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे पोलीस आणि दोन्ही धर्मांच्या रहिवाशांच्या समित्या, उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हे आम्हाला कितीतरी वेळा ऐकवलं गेलं. ऐकवणारे कमिटीवर बोलायचे. मला त्यात दिसायचा तो हवालदार, जो त्याच त्याच गल्लीत, त्याच त्याच लोकांसमोर पुन्हा पुन्हा जाऊन बसतो. हे काम बदली माणसाचं नाही.

आता कुलपाचं.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची यादी प्रत्येक ठाण्यात असते. माझ्या बीटमध्ये यादीवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, ऐंशीच्या पुढच्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी त्यांना बाई म्हणायचो. मी सहायक फौजदार झाल्यावरही त्या मला हवालदारच म्हणायच्या. वार ठरलेला, मंगळवार. भेट द्यायची, औषधं आहेत का, मोलकरीण नवी आहे का विचारायचं आणि वहीत लिहायचं: "भेट दिली. सर्व ठीक." खालच्या मजल्यावरच्या बाईंचा त्यांच्याविरुद्ध अर्ज होता. रोज सकाळी आंघोळीनंतर या ग्रिलमधल्या कुंड्यांना पाणी घालतात आणि ते आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं. अर्ज माझ्याकडेच प्रलंबित.

सप्टेंबर २०१८. गणपती १३ तारखेला बसले आणि मोहरम त्यातच. रजा बंद, साप्ताहिक सुट्टी बंद, आठ तास वगैरे सगळं विसर्जनापर्यंत गुंडाळलेलं. त्याआधी दहीहंडी होती, म्हणजे महिनाभर तेच. सोमवारी १७ ला गौरी-गणपतींचं विसर्जन, मी पहाटेपर्यंत खाडीवर. बुधवारी सकाळी कारकून म्हणाला, वह्या पूर्ण करा, तपासणी आहे. मी पेन घेतलं आणि मागचे सगळे मंगळवार भरले. तीन नोंदी झाल्या, आदल्या दिवशीची चौथी. "भेट दिली. सर्व ठीक." शाई सारखी दिसू नये म्हणून मध्ये पेनही बदललं.

अकराच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या त्या बाई ठाण्यात आल्या. धापा टाकत होत्या. आधी चौकीच्या फोनवर तीनदा लावलं, नुसती रिंग गेली. मग चौकीवर आल्या, तर कुलूप. मग चालत ठाण्यात. म्हणाल्या, "दोन दिवस पाणी पडलं नाही."

अग्निशमनवाल्यांनी दार उघडलं. बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडव्या होत्या, शुद्धीवर, ओठ कोरडे पडलेले. खुब्याचं हाड मोडलेलं. मंगळवारी सकाळी पडल्या होत्या. स्ट्रेचर येईपर्यंत मी त्यांच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय. दूध, गॅस, पेपरवाला, सगळं चौकटींत बारीक अक्षरात. आणि प्रत्येक मंगळवारी कोपऱ्यात एक अक्षर. जुलैत 'ह', 'ह', 'ह'. ऑगस्टमध्ये तसंच, मग शेवटच्या मंगळवारी 'गै'. सप्टेंबरच्या पहिल्या दोन मंगळवारीही 'गै'. हजर, गैरहजर. चाळीस वर्षं मुलांची हजेरी घेतलेली बाई माझी घेत होती. १८ तारखेची चौकट कोरी होती.

पाणी घेऊन बाहेर आलो.

सिनियर साहेबांनी विचारलं, शेवटची भेट कधी? म्हटलं, "काल, साहेब." "किती वाजता?" हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी मनात हिशेब केला, त्या पडायच्या आधीची वेळ कोणती असेल, आणि म्हणालो, "आठ वाजता." साहेबांनी मान हलवली. वहीतली नोंद आणि माझं बोलणं जुळलं. कुणी काही विचारलं नाही.

बंदोबस्त खरा होता. माणसं नव्हती हेही खरं. त्या महिन्यात माझ्या जागी तुम्ही असता तरी तीन जिने चढला नसता, असं मी बायकोला कितीदा म्हणालो आहे, अर्धीच गोष्ट सांगून. पण मंगळवारी सकाळी नऊ ते पावणेदहा मी त्यांच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून चहाच्या टपरीवर बूट काढून बसलो होतो. पाय सुजले होते. पाऊण तास. हा पाऊण तास कुठल्या रिक्त पदात धरायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आता भिंतींवर क्यूआर कोड लावतात, गस्तीवाल्याने मोबाईलने स्कॅन करायचं म्हणजे तो तिथे गेल्याचं कळतं. चांगलं आहे, पेनं बदलायला वाव नाही. पण कोड गेटवर असतो आणि बाई तिसऱ्या मजल्यावर.

रुग्णालयात एकदा गेलो. त्यांनी विचारलं, "हवालदार, विसर्जन पार पडलं ना नीट?" मी हो म्हणालो. पुढे पुतण्या त्यांना नाशिकला घेऊन गेला आणि यादीतून नाव कमी झालं.

कुंड्यांच्या पाण्याचा अर्ज महिनाभराने मी निकाली काढला. शेरा लिहिला, "अर्जदार यांची आता काही एक तक्रार राहिलेली नाही." आणि खाली सही केली.