बाटलीत उरलेल्या अकरा कॅप्सूल

मागच्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "गोळी बंद केलीस की रस्ता कसा ओलांडशील गं?"

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, ती मिरजेत. पाचवीत असताना शाळेसमोर एका लुनाने मला उडवलं होतं. कटलेल्या पतंगाकडे बघत मी सरळ रस्त्यात चालत गेले होते. डावा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. आईला ते काल घडल्यासारखं आठवतं. मला मात्र भरून आलं ते दुसऱ्याच कारणाने. तीन वर्षांपूर्वी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष ताब्यात न राहण्याचा मेंदूचा विकार, आहे असं तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "गोळ्या कसल्या घेतेस, जरा मन लावून कर की." तीच आई आता गोळी थांबेल म्हणून घाबरली होती.

आम्हाला मूल हवं आहे. मी ३६ वर्षांची आहे आणि रोज सकाळी लिस्डेक्सअँफेटामिन या एडीएचडीवरच्या औषधाची कॅप्सूल घेते. या दोन वाक्यांच्या मध्ये गेलं वर्षभर आमचं घर अडकून पडलंय. इथल्या दोन मराठी मैत्रिणींनी बाजूला घेऊन मला याबद्दल विचारलं, दोघींनीही आवाज खाली आणून. म्हणून आज मोठ्याने लिहिते आहे.

एडीएचडी म्हटलं की बाकावरून उड्या मारणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. मी तशी नव्हते. मी शांत बसायचे आणि वर्गात नसायचे. प्रगतिपुस्तकावरचा शेरा ठरलेला: "हुशार आहे, पण धांदरट." घरात मी वेंधळी. लक्ष कमी असतं असं लोकांना वाटतं, पण ते खरं नाही. लक्ष भरपूर असतं, ते हवं तिकडे वळवता येत नाही. ज्या कामाची काही घाई नाही त्यात मी रात्रीचे दोन वाजवते, आणि ज्या पत्राला उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय ते टेबलावर तसंच राहतं. ते तिथे आहे हे मला दिसत असतं, टोचतही असतं.

मिरजेच्या घरात माझं अर्धं डोकं इतर माणसांकडे होतं. डबा आई दारात हातात द्यायची. छत्री आजी विचारायची. फीची शेवटची तारीख बाबांच्या लक्षात असायची. कॉलेजसुद्धा सांगलीला, घरून जाऊन येऊन. मिरजेत पावलोपावली दवाखाने आहेत, पण मला कुणी कधी तपासलं नाही, कारण बाहेरून काही बिघडलेलं दिसतच नव्हतं. ते दिसलं २९ व्या वर्षी, लीड्सला आल्यावर. इथे कुठल्या आठवड्यात कचऱ्याचा काळा डबा बाहेर ठेवायचा आणि कुठल्या आठवड्यात हिरवा, मीटरचं रीडिंग, काउन्सिल टॅक्स, डेंटिस्टची तारीख, सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात. पहिल्या हिवाळ्यात मी दोनदा घराला कुलूप न लावता ऑफिसला गेले. एकदा परतले तर गॅसवर कोरडं पातेलं तापून काळं झालेलं. चार वर्षं मी स्वतःला आळशी समजत राहिले. त्या चार वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

निदानाची वाट अशी होती: आधी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याने सहा प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला. सरकारी यादीत नंबर लागायला अनेक भागांत वर्षं लागतात. पण इंग्लंडमध्ये 'राइट टू चूज' नावाचा हक्क आहे. एनएचएसशी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेशी, करार असलेली दुसरी संस्था आपण निवडू शकतो, आणि खर्च एनएचएस उचलते. हे मला जीपीने सांगितलं नव्हतं, ऑफिसातल्या एका मुलीने सांगितलं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुणाला याची गरज असेल तर हे नाव लक्षात ठेवा. मला तरीही नऊ महिने थांबावं लागलं.

मुलाखत दोन तास चालली. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून होती का, हे त्यात फार खोदून विचारतात, कारण निदानाची ती अट आहे. पुरावा म्हणून आईने माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि पहिलीपासूनच्या प्रगतिपुस्तकांचे फोटो पाठवले. मराठी शेऱ्यांचं इंग्रजी मी करून दिलं. 'धांदरट'ला शब्द शोधताना मला रडू आलं, कारण त्या शब्दावर मी किती वर्षं विश्वास ठेवला होता.

औषध ३० मिलिग्रॅमपासून सुरू झालं. दर आठवड्याला रक्तदाब, नाडी आणि वजन कळवायचं. ५० वर जम बसला. पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. भांडी घासली, ओटा पुसला, आणि फडका हातात धरून तशीच उभी राहिले, कारण पुढचं काम कोणतं ते मला माहीत होतं. ज्यांना हे नेहमीच माहीत असतं त्यांना यात काय विशेष असं वाटेल. तोंड कोरडं पडतं, दुपारी भूक लागत नाही, संध्याकाळी औषध उतरताना चिडचिड होते. हेही सांगायला हवं.

हे औषध नियंत्रित यादीत येतं, म्हणून दर महिन्याला नवं प्रिस्क्रिप्शन आणि ते २८ दिवसांच्या आत वापरायचं. विसरणं हाच ज्यांचा आजार त्यांच्यावर दर महिन्याला आठवण ठेवण्याची सक्ती, हे मला अन्यायाचं वाटतं. त्यातच सप्टेंबर २०२३ मध्ये देशभर एडीएचडीच्या औषधांचा तुटवडा झाला आणि सरकारला इशारा काढावा लागला. एका शनिवारी मी आणि नवरा सहा फार्मसी पायी फिरलो. पुढे औषधाचं बस्तान बसल्यावर तज्ज्ञांनी प्रिस्क्रिप्शनचं काम जीपीकडे सोपवायचं असतं, पण आमच्या दवाखान्याने ते घ्यायला नकार दिला. त्यांना तशी मुभा आहे. पाच महिने भांडून शेवटी दवाखाना बदलला. व्हिसा घेताना दरवर्षाचे १,०३५ पौंड आरोग्य अधिभार म्हणून आगाऊ भरलेले असतात, तेव्हा अशा नकाराची सल जास्तच राहते. (एका मैत्रिणीची शंका होती की निदानामुळे व्हिसा अडकेल का. माझ्या व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी मागितली होती, एडीएचडीबद्दल कुणी विचारलंही नाही.)

आता बाळाचं. सुरुवातीला आम्हा दोघांना उत्तर सोपं वाटलं: गोळी बंद, म्हणजे धोका शून्य. एनएचएसमधल्या, गरोदरपणातल्या मानसिक आरोग्याचं काम बघणाऱ्या फार्मासिस्टने ते समीकरण शांतपणे मोडलं. तिने दोन रकाने आखले. एकात औषध घेण्याचे धोके, दुसऱ्यात न घेण्याचे. दुसरा रकाना आम्ही विचारातच घेतला नव्हता. गाडी चालवताना होणाऱ्या चुका, राहून गेलेल्या तपासण्या, जेवणाचा विसर, नोकरीवरचा ताण, बाळंतपणानंतरचं नैराश्य. माझ्या बाबतीत यातलं काय काय खरं ठरू शकतं ते तिने मलाच लिहायला लावलं.

पहिल्या रकान्यात तिने अभ्यास दाखवले. २०१८ साली अमेरिका आणि नॉर्डिक देशांच्या नोंदींवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात पहिल्या तीन महिन्यांत मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं दुसरं औषध घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये हृदयाच्या दोषांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, हजारामागे साधारण तीन बाळं जास्त. माझं औषध ज्या गटातलं आहे त्या अँफेटामिनमध्ये तशी वाढ दिसली नाही. डेन्मार्कच्या नोंदींवरच्या २०२३ च्या अभ्यासात, गर्भात ही औषधं मिळालेल्या मुलांना पुढे विकासाचे विकार जास्त झाल्याचं आढळलं नाही. पण काही अभ्यासांत वाढलेल्या रक्तदाबाचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका किंचित जास्त दिसतो. औषध भूक मारतं, आणि गरोदरपणात वजन वाढायला हवं. अंगावर पाजताना ते दुधात उतरतं, म्हणून कंपनी तेव्हा घेऊ नका म्हणते. "मी तुम्हाला हो किंवा नाही सांगणार नाही," ती म्हणाली, "दोन्ही रकाने तुमचे आहेत." मला तेव्हा राग आला होता. डॉक्टरांनी सांगायचं आणि आपण मान डोलवायची या सवयीत मी वाढलेय.

नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता: बाळालाही असेल का? जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के निघते. त्याचा अर्थ बाळाला ७४ टक्के शक्यता असा होत नाही. माणसामाणसांतल्या फरकाचा किती भाग जनुकांमुळे येतो ते त्या आकड्याने कळतं. शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे हे मात्र खरं. मी त्याला एवढंच म्हटलं, असलं तर त्याच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा आपण दोघं नीट वाचू.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आईने गृहीत धरलं होतं. मी नाही म्हटल्यावर ती दुखावली. पण बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात, ते उतरलेलं असताना, औषध निम्मंच चालतंय असं मला आत्ताच जाणवतं. त्या काळात गोळी पुन्हा सुरू करायची वेळ आली तर मला ओळखणारे डॉक्टर जवळ हवेत. म्हणून तीच येणार आहे, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. फोनवर ती म्हणाली, "डबा हातात द्यायला मी आहे तोवर ठीक. मी परत गेल्यावर?" त्यावर आम्ही तासभर बोललो. रात्रीचं पाजणं नवऱ्याकडे, बाटलीने. लसीकरणाच्या तारखाही त्याच्याकडे. गाडी मी चालवणार नाही, बसने जाईन. सहाव्या महिन्यात अंगावरचं दूध थांबवून गोळी पुन्हा सुरू. आईला हे शेवटचं पटेल की नाही अशी मला भीती होती. ती जराशी थांबली आणि म्हणाली, "तुला बाटलीनेच वाढवलं. मला दूधच नव्हतं." हे मला ३६ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रकान्यात मी सगळ्यात वर जे लिहिलं होतं तेच आईने विचारलं होतं: रस्ता. त्यावर आमच्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम मान्य केलंय. उरलेल्या दोन दिवशी नवरा बसस्टॉपपर्यंत सोबत येईल. गोळीविना मला अजिबात सावरता आलं नाही, तर कमी मात्रेवर परत यायचं हेही फार्मासिस्टशी बोलून कागदावर लिहून ठेवलंय, म्हणजे तेव्हा हार मानल्यासारखं वाटणार नाही.

फार्मासिस्टच्याच सल्ल्याने गेल्या महिन्यापासून मी ५० वरून ३० वर आले आहे. ब्रशच्या कपाशेजारी दोन बाटल्या आहेत. एकीत ४०० मायक्रोग्रॅमचं फॉलिक अ‍ॅसिड, नुकतीच उघडलेली. दुसरीत ११ कॅप्सूल, आज सकाळी मोजल्या. या वेळचं प्रिस्क्रिप्शन मी मागवलेलं नाही.