काकूंची पाण्याची वही

इंदूरच्या एका हिंदी दैनिकात मी शहराचं पान बघते. त्या उन्हाळ्यात रोज पाण्याचीच ओरड होती. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, पण एका जुन्या मराठी वस्तीत पाळीच्या दिवशीही नळ कोरडे. अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: पुरवठा सुरळीत आहे.

मग आमच्या वार्ताहराला एक मराठी ब्लॉग सापडला. लिहिणाऱ्या काकू निवृत्त शिक्षिका. नळ किती वाजता आला, धार किती वेळ टिकली, टँकर कुणाच्या दारात उभा राहिला, सगळं तारीखवार. दुपारी मी त्यांच्या घरी गेले. ब्लॉगवर चढवण्याआधी त्या सारं दुरेघी वहीत लिहीत. नळ न आलेल्या तारखेपुढे लाल फुली. शेजाऱ्यांकडच्या टँकरच्या पावत्या मी त्या फुल्यांशी ताडून पाहिल्या. जुळल्या.

संध्याकाळी डेस्कवर वाद झाला. "नागरिकांचं म्हणणं असं लिहा, ब्लॉगचा उल्लेख कशाला?" मला ते अजिबात पटलं नाही. महिनोन्महिने वही त्यांनी ठेवायची आणि श्रेय आम्ही घ्यायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे, आणि ती मोडायलाच हवी. मी काकूंना फोन केला. "घाल की नाव! लपवायचं काय त्यात?" पाठोपाठ त्यांच्या पुण्याच्या मुलाचा फोन: "ताई, आईला तिथेच राहायचंय. नाव नको."

त्याची काळजी खोटी नव्हती. अमेरिकेत २००४ साली ब्लॉग लिहिणाऱ्यांनी सीबीएस वाहिनीने दाखवलेल्या बुश यांच्याविषयीच्या कागदपत्रांवर शंका घेतली, तेव्हा माफी वाहिनीला मागावी लागली. बगदादचा ब्लॉगर मात्र २००३ च्या युद्धात 'सलाम पॅक्स' या टोपणनावाने लिहीत होता. 'गार्डियन'ने त्याला सदर दिलं तेही त्याच नावाने. इजिप्तमध्ये पोलिसी छळाची चित्रफीत ब्लॉगवर आली, मग वर्तमानपत्रांनी उचलली, आणि २००७ मध्ये दोन पोलिसांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या अविजित रॉय या बांगलादेशी-अमेरिकन ब्लॉगरला फेब्रुवारी २०१५ मध्ये ढाक्याच्या पुस्तक मेळ्यातून परतताना भर रस्त्यात ठार मारलं. नाव छापण्याची किंमत देशागणिक बदलते. आमच्या पाठीशी निदान कचेरीचा वकील असतो. ब्लॉगवाल्याच्या पाठीशी कोण?

मी मुलाचं म्हणणं काकूंच्या कानावर घातलं. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "त्याच्याशी मी बोलते. तू छाप."

बातमी त्यांच्या नावानिशी, वहीच्या पानाच्या फोटोसकट गेली. पावत्या आम्ही पडताळल्याचंही त्यात लिहिलं, म्हणजे कुणी आलंच तर आधी आमच्या दारात येईल. दोन दिवसांत इतर गल्ल्यांतून वह्यांचे, कॅलेंडरांवरच्या खुणांचे फोटो येऊ लागले. एका बाईंनी खाली लिहिलं होतं, नाव छापू नये, मालक घर खाली करायला लावेल. त्यांच्या तारखाही मी जाऊन पडताळल्या आणि छापल्या. त्यांचं नाव मी संपादकांनाही सांगितलेलं नाही.