नमुना परत पाठवणारी लॅब

२०११ मध्ये शहाद्यात लॅब टाकली तेव्हा एक सेमी-ऑटो ॲनालायझर, एक सेल काउंटर, एक मायक्रोस्कोप आणि एक टेक्निशियन एवढाच पसारा होता. मी पॅथॉलॉजिस्ट, हिशेब, मशीनवाले आणि वीज ही खाती यजमानांकडे. तालुक्याच्या गावात लॅब चालते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. चिठ्ठी येते रिपोर्ट किती लवकर मिळतो यावर, आणि ‘बाकीचं कसं काय?’ या प्रश्नाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या कमिशनच्या, उत्तरावर. बाकीचं आम्ही कधी दिलं नाही, त्यामुळे पहिली काही वर्षं रेटतच काढली.

एनएबीएल ही लॅबच्या कामाचा दर्जा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता आपल्याकडे ऐच्छिक आहे. ती घेतली नाही म्हणून लॅबला कोणी कुलूप लावत नाही. वैद्यकीय लॅबसाठी या मान्यतेचा पाया म्हणजे आयएसओ १५१८९ हे मानक. छोट्या लॅबना ते एकदम झेपत नाही, म्हणून २०१९ मध्ये एनएबीएलने प्रवेश स्तराची योजना काढली आणि आम्ही तिथून सुरुवात केली. यजमानांचा पहिला प्रश्न होता, ‘याने पेशंट वाढतील का?’ खरं सांगायचं तर भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून आमच्याकडे कोणीही आलेलं नाही.

बदललं ते कामच. रोज सकाळी पेशंटचे नमुने लावण्याआधी दोन पातळ्यांचा कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, लावायचा आणि त्याचा बिंदू लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर मांडायचा. या आलेखात मधली रेष सरासरीची आणि तिच्यापासूनचं अंतर एसडीत, म्हणजे प्रमाण विचलनात, मोजतात. बिंदू तीन एसडीच्या बाहेर गेला की काम थांबतं, हे कोणालाही समजतं. खरी मजा आतल्या बिंदूंची असते. एका मे महिन्यात अल्कलाइन फॉस्फेटेज या यकृत-हाडांच्या तपासणीचे बिंदू दोन एसडीच्या आतच होते, पण ओळीने सगळे सरासरीच्या खाली. सलग दहा बिंदू एकाच बाजूला आले तर कारण शोधायचं, असा वेस्टगार्डचा, म्हणजे कंट्रोलचे बिंदू वाचायच्या प्रचलित नियमांतला, एक नियम. रीएजंट (तपासणीचं रसायन) नवा, पाणी ठीक, फ्रीजचं तापमान २ ते ८ मध्येच. शेवटी निघाला तो फोटोमीटरचा दमलेला दिवा. दिवा बदलला, पुन्हा कॅलिब्रेशन केलं आणि बिंदू मधल्या रेषेवर आले. एकही रिपोर्ट चुकायच्या आत हे कळलं, ते फक्त आलेख रोज भरला जात होता म्हणून.

दुसरी गोष्ट बाह्य तपासणीची, म्हणजे बाहेरच्या संस्थेने आमचीच परीक्षा घेण्याची. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाकडून दर महिन्याचा नमुना पावडरच्या रूपात कुपीत येतो. त्यात मापून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हलक्या हाताने फिरवायचं, फेस येऊ द्यायचा नाही. पाणी थोडं जास्त पडलं तर ग्लुकोजपासून कोलेस्टेरॉलपर्यंत सगळे आकडे एकदमच खाली दिसतात, म्हणजे मशीनच्या आधी पिपेट तपासायची. हा नमुना पेशंटच्या नमुन्यासारखाच लावायचा आणि उत्तर कोणाशी ताडून बघायचं नाही, असा दंडक आहे. तरी महिन्याच्या त्या आठवड्यात कुठून ना कुठून फोन येतोच, ‘मॅडम, तुमचं क्रिएटिनिन किती आलं?’ मी हवापाण्याच्या गप्पा मारते.

सगळ्यात जड गेलं ते नमुना नाकारणं. आमचे बरेच नमुने बाहेरून येतात. काही तर सातपुड्याचा घाट उतरून जीपने. साध्या ट्यूबमधलं रक्त सीरम वेगळं न करता ठेवलं की पेशी साखर खात राहतात आणि ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं. उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूब हवीच. ती नसेल तर साखरेचा रिपोर्ट नाही.

एकदा एका दवाखान्यातून आलेल्या नमुन्यात पोटॅशियम ९ च्या वर आणि कॅल्शियम ४ च्या खाली. अशी व्यक्ती ओपीडीत बाकावर बसून चहा पीत नसते. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं, म्हणून कोणीतरी जांभळ्या झाकणातलं त्यात ओतलं होतं. जांभळ्यातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, हे पोटॅशियमचंच मीठ, आणि कॅल्शियम ते बांधून टाकतं. मी रिपोर्ट अडवला, फोन केला, पुन्हा रक्त मागवलं. डॉक्टर वैतागले, ‘दुसरी लॅब असले नखरे करत नाही.’ दुसऱ्या नमुन्यात दोन्ही आकडे नॉर्मल आले. तिथून येणाऱ्या चिठ्ठ्या मात्र बंद झाल्या. त्या महिन्याचा गल्ला बघून यजमान काही बोलले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. नंतर दवाखान्यांच्या सिस्टरना बोलावून कुठली ट्यूब आधी, किती रक्त, कशी हलवायची, हे शिकवायला लागलो. हा खर्च कुठल्याच खात्यात नीट बसत नाही, पण परत जाणारे नमुने यानेच कमी झाले.

आमच्या भागात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बरंच आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, फसवी कमी येते. मशीन आकडा देतं आणि आकडा देखणाही असतो. अशा वेळी मी रिपोर्टवर शेरा लिहिते आणि फ्रुक्टोसामीन ही तांबड्या पेशींवर अवलंबून नसलेली साखरेची तपासणी सुचवते. ते आमच्याकडे होत नाही, बाहेर पाठवतो, आणि कुठे पाठवलं ते रिपोर्टवर छापतो. मानकाचीच तशी अट आहे.

लोकांना एक गोष्ट अजून माहीत नाही. ‘एनएबीएल लॅब’ असा बोर्ड असला, तरी मान्यता ठरावीक तपासण्यांचीच असते. यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. स्वस्त ‘फुल बॉडी’ पॅकेज घेताना त्यातल्या किती तपासण्या यादीत आहेत, हे विचारणारा ग्राहक मला क्वचितच भेटला. आमच्या रिपोर्टवर यादीबाहेरच्या तपासणीपुढे तारा असतो. काउंटरवर कोणी विचारलं, ‘हा तारा कशाचा?’ तर सगळं सांगायचं, अशी मुलींना ताकीद आहे, मागे कितीही रांग असो.

सध्या आयएसओ १५१८९ च्या २०२२ च्या आवृत्तीप्रमाणे जोखमींची, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची, नोंदवही लिहितोय. पहिल्या पानावर यजमानांनी लिहिलंय: लोडशेडिंग.