सुरू होताच गोठणारा ईमेल प्रोग्राम: माझा अनुभव

संगणकावरचा माझा ईमेल प्रोग्राम उघडायचा, डावीकडे फोल्डरांची यादी दिसायची, इनबॉक्स आपोआप निवडला जायचा आणि सात-आठ सेकंदांत सगळे जागच्या जागी थिजायचे. विंडो पांढुरकी पडायची आणि शीर्षकपट्टीत ‘प्रतिसाद देत नाही’ ही अक्षरे यायची. हा प्रकार सुरू झाला तो एकदा वीज गेल्यामुळे संगणक मध्येच बंद पडल्यानंतर. मी पहिल्या दिवशी जे केले ते बहुतेक जण करतात: टास्क मॅनेजर उघडून प्रोग्राम सक्तीने बंद केला आणि पुन्हा सुरू केला. असे मी दोन दिवसांत किमान दहा वेळा केले असेन. हाच माझा सर्वांत मोठा घोटाळा होता, पण ते कळायला वेळ लागला.

‘प्रतिसाद देत नाही’ याचा अर्थ प्रोग्राम मेला असा नसतो. एखाद्या विंडोने सुमारे ५ सेकंद क्लिक किंवा कीबोर्डच्या संदेशांची दखल घेतली नाही, की विंडोज तिच्यावर हा शिक्का मारते. आत काम चालू आहे की नाही, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी मी प्रोग्राम बंद न करता टास्क मॅनेजरमधले आकडे बघत बसले. माझ्या चार कोअरच्या (म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांच्या) प्रोसेसरवर तो सतत २५ टक्क्यांच्या आसपास दिसत होता, म्हणजे एक कोअर तो पुरता वापरत होता, आणि डिस्कवरून वाचनही अखंड चालू होते. प्रोग्राम अडकलेला नव्हता. कशात तरी गुंतलेला होता.

मग एकेक शक्यता बाद करत गेले. आधी इंटरनेट बंद करून प्रोग्राम उघडला; तरीही तो गोठला, त्यामुळे सर्व्हर, पासवर्ड आणि जोडणी या तिघांवरचा संशय एकदमच मिटला. (त्याआधीचा अख्खा तास मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पोर्टचे आकडे तपासण्यात घालवला होता, हे सांगायला हवे.) नंतर सर्व अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सुविधा, बंद ठेवणाऱ्या सेफ मोडमध्ये उघडला, फरक शून्य. शेवटी नवी, रिकामी प्रोफाइल तयार करून त्यात तेच खाते जोडले, तर प्रोग्राम अगदी सुरळीत चालला. त्यामुळे प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करण्याचा विचार सोडून दिला. तसे केले असते तरी काही साधले नसते, कारण पत्रे आणि सेटिंग प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतात आणि पुन्हा इन्स्टॉल करताना तो फोल्डर सहसा तसाच राहतो. दोष होता तो जुन्या प्रोफाइलमधल्या माहितीत.

पुढे काहीही हात लावण्याआधी प्रोग्राम बंद ठेवून त्या फोल्डरची प्रत बाह्य डिस्कवर घेतली. ३१ जीबीचा तो ऐवज उतरायला तासभर लागला, आणि खरा धागा हाती लागला तो प्रत होताना दिसणाऱ्या पट्टीमुळे. एकाच फाइलवर ती पट्टी इतका वेळ रेंगाळली की मी फाइलचे नाव वाचले. ती इनबॉक्सची फाइल होती आणि तिचा आकार होता १७ जीबी. माझ्या इनबॉक्समध्ये पत्रे होती जेमतेम तेवीसशे. पत्राला जोडलेली फाइल पाठवताना मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एकतृतीयांशाने फुगते, हे धरले तरी हिशेब जुळत नव्हता.

माझा प्रोग्राम एका फोल्डरमधली सर्व पत्रे एमबॉक्स नावाच्या साध्या मजकुराच्या एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक अशी ठेवतो. एवढी मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडणे शक्य नव्हते, म्हणून शेवटच्या काही ओळीच दाखवणारी आज्ञा वापरली. तिथे प्रत्येक पत्राच्या डोक्यावर प्रोग्रामने स्वतः लिहिलेली एक स्थितीची ओळ होती आणि तिच्यात चार अंक होते. काही पत्रांवर ०००१ होते, म्हणजे वाचलेले. बऱ्याच पत्रांवर मात्र ०००९ होते, म्हणजे वाचलेले आणि काढून टाकलेले. मी काही आठवड्यांपूर्वी कचऱ्यात टाकून तो कचराही रिकामा केलेले एक पत्र, जोडलेल्या फाइलसकट, तिथे अक्षरशः जसेच्या तसे पडलेले होते.

पत्र काढले किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले, की मूळ फाइलमध्ये त्यावर फक्त खूण होते. फाइल मधूनच कापणे वेळखाऊ असल्याने मजकूर तिथेच राहतो. तो खरोखर जातो तो फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर. प्रोग्राम मला अधूनमधून त्याबद्दल विचारत असे आणि मी कामाच्या घाईत दरवेळी नकार देत असे. नको असलेल्या आणि इतरत्र हलवलेल्या पत्रांचा हा गाळ कित्येक वर्षांचा होता.

पण फाइल मोठी तर आदल्या महिन्यातही होती, मग गोठणे आताच का सुरू झाले? त्याचे उत्तर शेजारच्या छोट्या फाइलमध्ये होते. पत्रांची यादी झटकन दाखवता यावी म्हणून प्रत्येक फोल्डरची एक अनुक्रमणिका वेगळ्या फाइलमध्ये असते. तिच्यातली नोंद आणि मूळ फाइलचा आकार किंवा वेळ जुळली नाही, की प्रोग्राम तिच्यावर विश्वास न ठेवता मूळ फाइल पहिल्या ओळीपासून वाचून नवी अनुक्रमणिका बांधतो. वीज गेली तेव्हा ती नोंद चुकली असावी. त्यानंतर प्रत्येक वेळी प्रोग्राम निमूटपणे १७ जीबी वाचायला बसत होता, आणि त्याचे काम अर्ध्यावर असताना मीच त्याचा गळा धरत होते. त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी प्रोग्राम उघडला आणि हात बाजूला ठेवून बसले. ११ मिनिटांनी विंडोत रंग परतला. नेहमीच्या पद्धतीने तो बंद केला, पुन्हा उघडला. गोठणे आता दोन मिनिटांवर आले होते. म्हणजे निदान बरोबर होते, पण पूर्ण नव्हते.

कॉम्पॅक्ट करताना ठेवायची पत्रे नव्या फाइलमध्ये उतरवली जातात आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनी फाइल काढली जाते, त्यामुळे डिस्कवर तेवढी मोकळी जागा लागते. माझ्याकडे ९ जीबी शिल्लक होती. उरणारी पत्रे फार नसल्याने तेवढीही पुरली असती, पण अशा कामात जागेची काटकसर करण्याची माझी तयारी नव्हती. आधी जुने व्हिडिओ हलवून ३० जीबी मोकळी केली. कॉम्पॅक्ट चालू असताना दुसरे काही उघडले नाही. फाइल १७ जीबीवरून १.२ जीबीवर आली.

उरलेली दिरंगाई अँटिव्हायरसची होती. नवे पत्र येऊन इनबॉक्सच्या फाइलमध्ये भर पडली, की तो ती फाइल पुन्हा तपासत असे. प्रोफाइलचा फोल्डर त्याच्या तपासणीतून काही मिनिटांसाठी वगळून पाहिला, तेव्हा हे स्पष्ट झाले. तो कायमचा वगळण्याचा सल्ला अनेक जण देतात, कारण एका वाईट पत्रापायी अँटिव्हायरसने अख्खी इनबॉक्स फाइल उचलून विलग केली तर सगळीच पत्रे दिसेनाशी होतात. मला तपासणी चालूच ठेवायची होती, म्हणून सूट काढून घेतली; लहान झालेल्या फाइलवर तिचा भार आता जाणवत नाही.

प्रोग्राम सध्या चार-पाच सेकंदांत वापरण्याजोगा होतो. ‘पाठवलेली पत्रे’ हा फोल्डर ६ जीबीचा आहे, पण तिथून मी क्वचितच काही काढते, त्यामुळे कॉम्पॅक्ट करूनही तो फारसा आटला नाही; तो वर्षवार विभागायचे काम बाकी आहे. बाह्य डिस्कवरची ३१ जीबीची प्रत ते काम होईपर्यंत तशीच ठेवणार आहे.