भौगोलिक कारणे द्या

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९५ ची तुकडी)

परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा आणि त्याची उत्तरं गाईडात तयार असायची. आसामात चहाचे मळे का? डोंगरउतार, भरपूर पाऊस, पाण्याचा निचरा होणारी जमीन. मुंबईत कापड गिरण्या का? दमट हवा, बंदर, कापसाचा प्रदेश जवळ. तीन कारणं लिहायची आणि पुढच्या प्रश्नाकडं वळायचं. मला सगळी तोंडपाठ असत, मार्कही बरे पडत आणि तरीही भूगोल मनापासून नकोसा वाटे. इतिहासात निदान माणसं होती. भूगोलात आमचं गाव नव्हतं, ओढा नव्हता, ज्वारी पिकवणारी आमची माणसं नव्हती. लातूर जिल्ह्यातला आमचा औसा तालुका तर पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जायचा.

आठवीत आम्हाला नव्या बाई आल्या. शाळेत सगळे त्यांना भूगोलाच्या बाईच म्हणत आणि मीही इथं तेच म्हणणार आहे. जूनमधल्या एका सरीत शाळेच्या पत्र्यावरून पाणी धो धो पडत होतं, वर्गात कुणाचंच लक्ष नव्हतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "हे पाणी कोणत्या समुद्राला जाऊन मिळेल?"

सगळा वर्ग ओरडला, "अरबी!" मुंबई आम्हाला ठाऊक होती, समुद्र म्हटलं की तीच डोळ्यांपुढं यायची. बाई बरोबर म्हणाल्या नाहीत की चूक म्हणाल्या नाहीत. "घरी विचारून या, शाळेमागचा ओढा कुठं जातो."

दुसऱ्या दिवशी उत्तर तुकड्यातुकड्यानं जमलं. ओढा तेरणेला मिळतो हे गुरं राखणाऱ्याच्या पोराला माहीत होतं. तेरणा पुढं मांजरेत जाते हे निलंग्याकडच्या एकीनं सांगितलं. त्यापुढचं कुणालाच येत नव्हतं, तेव्हा बाईंनी खडू उचलला. पाटोद्याच्या बाजूला बालाघाटात उगवणारी मांजरा आपल्याकडून बीदरकडं उतरते, मग उत्तरेला वळून गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. म्हणजे जवळचा समुद्र सोडून आमचं पाणी लांबच्या समुद्राला जात होतं. "भौगोलिक कारणे द्या," बाई हसून म्हणाल्या. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, पठाराचा कल पूर्वेला. त्याच सह्याद्रीनं ढगांचं पाणी अडवून धरलेलं, म्हणून कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि आमच्याकडं सातशे-आठशेवर समाधान. तो प्रश्न मी त्याआधी कितीदा तरी वाचला असेल, पण तो आमच्या गावाबद्दल विचारता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग बाईंनी पर्जन्यमापक आणवला. सकाळी साडेआठला दोघांनी मिळून पाणी मोजायचं आणि नोंदवहीत लिहायचं. पाऊस पडला नाही तरी शून्य लिहायचं. "आपल्याकडं शून्यच जास्त महत्त्वाची आहेत," असं त्या म्हणायच्या.

त्यांचा सगळ्यात मोठा धडा मात्र विहिरीत झाला. शाळेपासून जवळच एका शेतात नवी विहीर खोदणं चालू होतं. बाई साडीचा पदर खोचून काठावर उभ्या राहिल्या आणि आम्हाला थर ओळखायला लावले. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा फत्तर, त्याखाली विटेच्या रंगाचा हातभर पट्टा आणि पुन्हा खडक, पण हा भोकाभोकांचा. बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यातून त्यांनी त्याचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. भोकांत पांढरे चकचकीत खडे बसलेले होते. आम्ही त्यांना गारगोट्या म्हणायचो. बाई म्हणाल्या, हा मांजऱ्या खडक. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांनी वर आला, ती ही भोकं. पुढं पाण्यातून आलेले क्षार त्यांत साचले, ते हे खडे.

"आणि तांबडं?" मी विचारलं. माझा भूगोलाच्या तासाला विचारलेला तो पहिला प्रश्न.

एक लाव्हा येऊन थंड झाला. पुढचा यायला इतका काळ गेला की खडकाची वरची कातडी झिजून माती झाली. मग नवा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला आणि ती भाजून निघाली. म्हणजे तो तांबडा पट्टा ही कधीकाळची जमीन होती, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची. विहीर खोदणारे मामा खालूनच बोलले, "बाई, ह्या तांबड्याच्या वरच पाणी थांबतंय बगा, खाली लवकर उतरत न्हाई." बाईंनी त्यांचं वाक्य आम्हाला जसंच्या तसं वहीत लिहून घ्यायला सांगितलं. पुस्तकातल्या व्याख्येखाली, त्याच शाईनं.

मी नववीत असताना, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही सगळी आमच्या पाहुण्यारावळ्यांची गावं. जवळपास दहा हजार माणसं गेली. वर्गातल्या दोघीतिघींच्या घरचं कुणी ना कुणी त्यात होतं. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही.

शाळा पुन्हा भरली ती पटांगणात, छपराखाली बसायला कुणी तयार नव्हतं. गावात रोज नवी आवई उठायची. आता ज्वालामुखी फुटणार, आता तेरणेचं पाणी उकळणार. बाईंनी आठवीची वही काढायला सांगितली. त्यात त्यांनीच सांगितलेलं एक वाक्य होतं, दख्खनचं पठार स्थिर आहे. तेव्हा सगळीकडं तसंच शिकवत. भूकंपाच्या नकाशातही आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. बाई म्हणाल्या, "हे मी शिकवलं होतं. ते खोडू नका. खाली आजची तारीख घाला आणि लिहा, याचा पुन्हा अभ्यास करावा लागेल."

मग त्यांनी फळ्यावर आमचं घर काढलं. हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी माळवद, म्हणजे सपाट छत, आणि त्यावर मातीचा जाड थर. "घरं अशी का बांधतात? कारणे द्या." दगड शेतातच मिळतो, उन्हाळ्यात घर गार राहतं. आणि त्याच भिंती मातीच्या लिंपणावर उभ्या असल्यानं हादऱ्यात उकलल्या, वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. रडत रडत लिहिलं आम्ही ते उत्तर. पण त्यानंतर आमच्या वर्गात ज्वालामुखीच्या गोष्टी बंद झाल्या. मुलं घरी जाऊन भिंती तपासायला लागली, वडिलांना अंगणात झोपायला सांगायला लागली. शिकवणं कशासाठी असतं हे मी तेव्हा पाहिलं.

आज मी भूजलाचं काम करते, विहिरी आणि बोअर यांची पाहणी. पुढं किल्लारीत संशोधनासाठी खोल बोअर घेतली गेली, तिथं बेसाल्ट, म्हणजे तोच लाव्ह्याचा काळा खडक, सुमारे ३३८ मीटरवर संपतो आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागतो. ते वाचलं तेव्हा वाटलं, ही ओळ बाईंच्या त्या वहीत पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हाही गावोगावी एकच प्रश्न होता, मांजरेच्या काठच्या शहराला कृष्णेचं पाणी का आणावं लागतं? त्याची कारणं गाईडात नाहीत. उसाखालचं क्षेत्र, चारशे-पाचशे फुटांच्या बोअर, कोरडा पडलेला मांजरा प्रकल्प, लागोपाठचा कमी पाऊस. यातलं प्रत्येक कारण शाळकरी मुलांना शेतात नेऊन दाखवता येतं आणि ते तसंच दाखवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. शाळेत डिजिटल फळा आला याचा आनंद आहे, पण मांजऱ्या खडक हातात घेऊन बघावा लागतो.

म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं एक विनंती. बाईंच्या वेळच्या पावसाच्या नोंदवह्या कपाटात कुठं असतील तर त्या शोधून जपाव्यात. आणि आमच्या तुकडीतर्फे आम्ही शाळेला नवा पर्जन्यमापक देत आहोत. तो पटांगणात मोकळ्या जागी बसवावा, जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. मृगाच्या आत बसला तर यंदाचाच पाऊस मोजता येईल. सकाळी साडेआठच्या नोंदीच्या पाळ्या मुलांनीच ठरवाव्यात आणि शून्य लिहायला विसरू नये.