इंजिन उजळून का घेत नाही?

“भाऊ, हाई इंजिन चालस का?” असे धुळ्याकडचे पाहुणे माझ्या कपाटातल्या वाफेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या इंजिनाशी उभे राहून विचारतात आणि लगोलग पुढचा प्रश्न येतो, की मग हे चिंचेने घासून, रंगवून नव्यासारखे का करून घेत नाही? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

हे इंजिन मला भुसावळातच एका भंगारवाल्याकडे, जुन्या समयांच्या ढिगात मिळाले. पत्र्याच्या पाटावर आडवा पितळी बॉयलर, शेजारी एक सिलिंडर आणि एक जड चाक, एवढाच त्याचा संसार. पाटावर ‘जीबीएन’ अशी अक्षरे उठवलेली आहेत. ती जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या गेब्रूडर बिंग या खेळण्यांच्या कारखान्याची खूण. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्याच्या खेळण्यांवर ‘बीडब्ल्यू’ आढळते आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी तर कारखानाच मिटला, त्यामुळे वय ठरवताना मला याच अक्षरांचा आधार असतो. रंगाचा हात फिरला, की ती बुजली.

याचा सिलिंडर स्वतःच खिळीवर डुलतो. डुलताना त्याच्या सपाट बाजूचे छिद्र आळीपाळीने वाफ येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेसमोर येते, म्हणून वेगळी झडप लागत नाही आणि अशी इंजिने स्वस्तात करता येत. खाली स्पिरिटचा दिवा. बॉयलरचे सांधे मात्र कथील-शिशाने झाळलेले आहेत आणि ते मिश्रण सुमारे 183 अंश सेल्सिअसला वितळू लागते. आत पाणी आहे तोवर सांधा तेवढा तापत नाही. पाणी आटूनही दिवा जळत राहिला, तर तो सुटतो. माझ्या इंजिनाच्या बुडाशी, काजळीच्या पट्ट्यात, वितळून ओघळलेला आणि तिथेच गोठलेला ज्वारीच्या दाण्याएवढा एक थेंब आहे.

माझे वडील रेल्वेच्या लोको शेडचे फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे. त्यांनी तो थेंब बोटाने चाचपला आणि म्हणाले, “पोराने पाणी पाहिले नाही.” मोठ्या इंजिनात भट्टीच्या छताला शिशाचा प्लग असतो, पाणी उतरले की तो वितळतो आणि आत शिरणारी वाफ फायरमनला सावध करते. प्लग जाणे ही त्यांच्या लेखी फार मोठी नामुष्की होती.

तो थेंब पुसून नवा सांधा मारायला मी कुणालाही देणार नाही. चालवायला माझ्याकडे बर्मिंगहॅमच्या मॅमॉड कंपनीचे असेच खेळण्यातले इंजिन आहे. ही कंपनी 1937 ची. रविवारी अंगणात मुले ते पेटवतात, तेव्हा पाणी मापून भरण्याआधी मी त्यांना बिंगचे बूड दाखवतो.